जनुक आत गेल्यावर

एका सजीवाचे जनुक दुसऱ्या सजीवाच्या पेशीत घालण्याचे तंत्र माणसाच्या हाती आले त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. या काळात त्यावर पुष्कळ बोलले गेले, पण आपल्याकडचे बहुतेक बोलणे पहिल्या पायरीवरच अडकून राहिले: हे करावे की करू नये, निसर्गाला धरून आहे की नाही. खरे तर जनुक पेशीत शिरवणे हा या कामाचा सर्वांत छोटा भाग. शिरलेले जनुक टिकले पाहिजे, पेशीने ते वाचले पाहिजे, त्या एका पेशीतून अख्खे झाड उभे राहिले पाहिजे आणि मग ते झाड कुणाच्या तरी वावरात, किडी, पाऊस आणि बाजारभाव यांच्याशी झुंजत वर्षानुवर्षे निभावले पाहिजे. या विषयातले मोठे यश आणि मोठे अपयश, दोन्ही पुढच्या पायऱ्यांवर ठरले. म्हणून हा आढावा घेताना नजर तिकडेच ठेवली आहे.

मुळात ही युक्ती माणसाने शोधलेली नाही. लंडनमध्ये सरकारी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जीवाणूंवर काम करत होते. या जीवाणूचा एक प्रकार शर्करेच्या कवचात गुंडाळलेला असतो आणि तो उंदराला मारतो. दुसऱ्याला कवच नसते आणि त्याच्यापासून उंदराला धोका नसतो. ग्रिफिथ यांनी कवचवाले जीवाणू तापवून मारले आणि जिवंत बिनकवचाच्या जीवाणूंत मिसळून उंदरांना टोचले. उंदीर मेले, आणि त्यांच्या रक्तात सापडले ते जिवंत, कवचवाले जीवाणू. हे १९२८ साली प्रसिद्ध झाले. मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेले होते आणि ते पुढच्या पिढ्यांतही उतरत होते. ते काहीतरी म्हणजे डीएनए, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ साली दाखवले. अर्कातली प्रथिने पचवून टाकली तरी जीवाणू बदलत राहिले. डीएनए तोडणारे विकर घातले की बदल थांबला. इतका स्वच्छ प्रयोग जीवशास्त्रात क्वचित सापडतो. एव्हरींना त्यासाठी नोबेल मिळाले नाही, ही त्या पुरस्काराच्या इतिहासातली ठळक चूक आहे. ग्रिफिथ तर हा निकाल पाहायला उरलेच नाहीत. १९४१ साली लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला.

ही देवघेव आजही चालू आहे, आणि ती आपल्या इस्पितळांपर्यंत पोचलेली आहे. न्यूमोनियाचा जीवाणू पेनिसिलिनला दाद देईनासा झाला, तो बऱ्याच अंशी याच वाटेने. त्याने जवळच्या नात्यातल्या, घशात राहणाऱ्या दुसऱ्या जीवाणूंच्या डीएनएचे तुकडे उचलले आणि पेनिसिलिन ज्या प्रथिनांना चिकटते त्यांची जनुकेच बदलून घेतली. याशिवाय जीवाणू एकमेकांना चिकटून थेट जनुके देतात, विषाणूही ती इकडून तिकडे नेतात. प्रतिजैविकांचा अर्धवट डोस घेणाऱ्या समाजाने हे ध्यानात ठेवावे. एका जीवाणूने शिकलेला बचाव त्याच्यापाशीच राहत नाही.

प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त वापर होतो तो ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा. तो स्वतःहून सहसा बाहेरचा डीएनए घेत नाही. हवाई विद्यापीठात मँडेल आणि हिगा यांना १९७० साली असे दिसले की कॅल्शियम क्लोराइडच्या थंड द्रावणात ठेवला तर तो घेतो. दोन वर्षांनी स्टॅनफर्डच्या स्टॅन्ली कोहेन यांनी याच रीतीने प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूतले डीएनएचे स्वतंत्र कडे, त्यात घालून दाखवले. १९७३ मध्ये कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे डीएनए जोडून बनवलेले प्लाझ्मिड जीवाणूत वाढवले.

जीवतंत्रज्ञानाच्या पदवीचा विद्यार्थी आजही हाच प्रयोग करतो. बोटाच्या पेराएवढ्या नळीत जीवाणू, त्यात प्लाझ्मिडचा एखादा थेंब, नळी अर्धा तास बर्फात. मग ४२ अंशांच्या पाण्यात जेमतेम पाऊण मिनिट, की पुन्हा बर्फात. तासभर ऊबदार पोषक द्रावणात ठेवून ते सगळे अँपिसिलिन हे प्रतिजैविक घातलेल्या बशीवर पसरायचे. प्लाझ्मिडवर अँपिसिलिनला पुरून उरणारे जनुक जोडलेले असते, त्यामुळे ज्यांनी ते घेतले तेच जगतात. आणि घेणारे फार थोडे असतात. बाकीचे रातोरात मरून जातात. सकाळी बशीवर जे पांढरे ठिपके दिसतात त्यातला प्रत्येक ठिपका एकेका पेशीची संतती असतो. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक रीत अशीच आहे. डीएनए पुष्कळांना द्यायचा, तो फार थोड्यांनी घ्यायचा आणि त्या थोड्यांना शोधून काढायची सोय आधीच करून ठेवायची.

या बशीतून निघालेले सर्वांत मोठे औषध इन्सुलिन. १९७८ साली मानवी इन्सुलिन ई. कोलायमध्ये तयार झाले आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले. त्याआधी मधुमेही माणूस डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडावर अवलंबून होता. पुढे यीस्टही या कामाला लागले. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये यीस्टमध्ये वाढवलेली हिपॅटायटिस बी ची लस आणली. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्टने आणि पाठोपाठ बंगळुरूच्या बायोकॉनने यीस्टमधले इन्सुलिन आणले. या सगळ्यावर आपल्याकडे कुणी मोर्चा काढला नाही, आणि ते बरोबरच होते. जीवाणू बंद टाकीत राहतात, औषध गाळून शुद्ध होऊन बाहेर येते, आणि फायदा कुणाला होतो हे डोळ्यांना दिसते.

एक निकाल मात्र पुढे शेतीवर भारी पडला. बंगालमध्ये जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. खनिज तेल पचवणारी वेगवेगळी प्लाझ्मिडे त्यांनी एकाच जीवाणूत एकत्र आणली आणि त्या जीवाणूवर पेटंट मागितले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी ते मान्य केले. सजीवाची मालकी कागदावर आली ती इथून.

वनस्पतींची वाट जीवाणूनेच दाखवली. द्राक्ष, गुलाब, बदाम अशा झाडांच्या बुंध्याशी कधी कधी गाठ येते. ती ॲग्रोबॅक्टेरियम या मातीतल्या जीवाणूमुळे होते, हे १९०७ पासून माहीत होते. गंमत अशी की जीवाणू मारून टाकला तरी गाठ वाढत राहते. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात जेफ शेल आणि मार्क व्हॅन मोंटाग्यू यांच्या गटाला १९७४ मध्ये या जीवाणूत एक मोठे प्लाझ्मिड सापडले, आणि १९७७ साली अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन यांनी दाखवले की त्या प्लाझ्मिडचा एक तुकडा झाडाच्या पेशीच्या डीएनएत जाऊन बसलेला असतो. चिल्टन यांचा आधी या कल्पनेवर विश्वास नव्हता. ती खोटी ठरवायला त्या निघाल्या होत्या.

काम कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. झाडाला जखम झाली की तिथून काही रसायने पाझरतात. जीवाणूला त्यांचा सुगावा लागतो. तो प्लाझ्मिडच्या ठरलेल्या दोन सीमांमधला तुकडा कापतो, एका नळीसारख्या मार्गाने झाडाच्या पेशीत ढकलतो आणि सोबत पाठवलेली प्रथिने तो तुकडा केंद्रकापर्यंत नेऊन पोचवतात. त्या तुकड्यात झाडाची वाढ-संप्रेरके बनवणारी जनुके असतात, त्यामुळे गाठ येते. शिवाय जीवाणूला खाता येईल असे खास अन्न झाडाकडूनच बनवून घेणारी जनुके असतात. शास्त्रज्ञांनी एवढेच केले की सीमा तशाच ठेवल्या, गाठ आणणारी जनुके काढली आणि तिथे हवे ते जनुक बसवले. जानेवारी १९८३ मध्ये तीन गटांनी, त्यात एक मोन्सॅन्टो या अमेरिकन कंपनीचा, आपापले निकाल जवळपास एकाच वेळी जाहीर केले.

हे पाप आहे असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. २०१५ साली गेंटच्याच शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लागवडीखालच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. सगळ्यांत ॲग्रोबॅक्टेरियमच्या जातीतले जनुक-तुकडे सापडले. म्हणजे एकादशीला आणि महाशिवरात्रीला आपण जे रताळे उकडून खातो त्यात जीवाणूची जनुके हजारो वर्षांपूर्वीच जाऊन बसली आहेत, आणि कुठल्याही प्रयोगशाळेचा त्याला हात लागलेला नाही. जात ओलांडणे हीच हरकत असेल तर ती रताळ्यापाशी टिकत नाही. माझ्या मते खऱ्या हरकती वेगळ्या आहेत आणि त्यांच्याकडे पुढे येतो.

सगळी पिके या जीवाणूला सारखी दारे उघडत नाहीत. मका, गहू, भात ही तृणधान्ये सुरुवातीला दाद देत नव्हती. त्यावर कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉन सॅनफर्ड यांनी सरळ बंदूक काढली. टंगस्टनच्या बारीक कणांवर डीएनए चढवायचा आणि ते कण पेशींवर झाडायचे. पहिले निशाण होते कांद्याच्या पेशी, कारण त्या मोठ्या असतात. १९८७ साली हे प्रसिद्ध झाले. सुरुवातीला खरोखर बंदुकीची दारू वापरत, नंतर हेलियमचा दाब आला. रिंगस्पॉट विषाणूने हवाईतल्या पपईच्या बागा बसवल्या होत्या. त्या १९९८ मध्ये वाचल्या त्या याच रीतीने बनवलेल्या रोगप्रतिकारक पपईमुळे. १९९४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी भातही ॲग्रोबॅक्टेरियमला वश करून दाखवला, आणि बंदुकीची गरज कमी होत गेली.

दोन्ही रीतींत जनुक कुठे जाऊन बसेल ते आपल्या हाती नसते. कधी ते अशा जागी बसते की वाचलेच जात नाही, कधी दुसऱ्या जनुकाच्या मध्येच बसते. शेकडो रोपे करून त्यातले एक निवडायचे. त्या एका बसण्याला या धंद्यात ‘इव्हेंट’ म्हणतात, आणि सरकारी मंजुरी त्या इव्हेंटला असते. आणखी कठीण भाग म्हणजे एका पेशीपासून पूर्ण रोप उभे करणे. तंबाखूत ते सहज जमते, कपाशीत महिनोन् महिने लागतात आणि मोजक्याच वाणांत जमते. म्हणून जगभरात कपाशीवरचे सुरुवातीचे काम ‘कोकर ३१२’ या एका अमेरिकन वाणात झाले आणि तिथून जनुक संकर करकरून इतर वाणांत नेले गेले. आपल्याकडच्या बीटी कपाशीची कुळकथाही हीच आहे.

प्राण्यांबद्दल थोडक्यात सांगतो. १९८० पासून उंदराच्या फलित अंड्यात सुईने डीएनए सोडता येऊ लागला. २०१५ साली अमेरिकेने झपाट्याने वाढणारा जनुकसुधारित सॅमन मासा खाण्यासाठी मंजूर केला. आपल्या जालना जिल्ह्यात दावलवाडीला २०१७ मध्ये पिंजऱ्यात बंदिस्त डासांवर चाचण्या झाल्या. नर डासांतले जनुक त्यांच्या पिल्लांना मोठे होऊ देत नाही, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची संख्या त्यातून घटावी ही कल्पना. माणसाच्या बाबतीत सर्वांत आशेचे काम मुंबईत झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी रुग्णाच्याच टी-पेशी काढून, निकामी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत कर्करोगाची पेशी ओळखणारे जनुक घालून त्या रुग्णाला परत देण्याचा उपचार विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. परदेशातल्या अशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश खर्चात तो होतो. हे जनुक रुग्णाच्या मुलाबाळांत उतरत नाही, कारण बीजपेशींना हात लावलेला नसतो.

आता कपाशी. महाराष्ट्रात या विषयाची खरी परीक्षा तिथेच झाली.

जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी काढली. नव्वदच्या दशकात महिकोने मोन्सॅन्टोकडून जनुक असलेले बियाणे घेऊन ते आपल्या संकरित वाणांत उतरवले. जनुक होते मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी, या जीवाणूचे. त्याचे प्रथिन अळीच्या पोटात गेले की आतड्याला भोके पडतात, माणसाच्या आतड्यात तसे घडत नाही. २००१ मध्ये गुजरातेत बिनपरवाना बीटी कपाशी उभी असल्याचे उघड झाले आणि २६ मार्च २००२ रोजी महिकोच्या तीन वाणांना परवानगी मिळाली. अमेरिकन बोंडअळी, जिने नव्वदच्या दशकात शेतकऱ्यांना रडवले होते, ती आटोक्यात आली. २००२-०३ मध्ये देशात १३६ लाख गाठी कापूस झाला होता, २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींवर गेला. त्यात सिंचन, खते आणि चांगल्या पावसाचाही वाटा आहे, पण जनुकाचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. दहा वर्षांच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली.

मग गुलाबी बोंडअळी आली. ती पहिल्या जनुकाला पुरून उरल्याचे २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर झाले, पुढे दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ लाही तिने जुमानले नाही, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने हाहाकार केला. फुलांच्या डोमकळ्या झाल्या, बोंड बाहेरून हिरवेगार आणि फोडून पाहावे तर आत सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बीटीने जी फवारणी कमी करायची होती ती अशी परत आली.

याचा दोष जनुकाला देऊन चालणार नाही. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया इथे बीटी जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत, म्हणजे ज्यांचे बियाणे घरचे ठेवता येते अशा वाणांत, घातले गेले. आपल्याकडे ते जवळजवळ सगळे संकरित वाणांत घातले गेले, कारण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सुरुवातीला ४५० ग्रॅमचे पाकीट सुमारे १६०० रुपयांना होते. संकरित कपाशी दीर्घ मुदतीची, त्यात पाणी असेल तर फरदड घेण्याची, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखण्याची, सवय. उशिरा येणाऱ्या गुलाबी अळीला त्यामुळे फेब्रुवारी-मार्चपर्यंत अन्न मिळत राहिले. आणखी एक गोष्ट बोंडाच्या आत घडते. संकरित झाडात जनुक एकाच पालकाकडून आलेले असेल तर त्याच्या बोंडातली प्रत्येक सरकी सारखी नसते: एका जनुकाच्या वाणात चारातली एक सरकी बिनबीटीची निघते. गुलाबी अळी सरकी खाऊनच जगते. एकाच बोंडात तिला विषारी आणि निर्विष दाणे शेजारी शेजारी मिळतात, आणि विष पचवायला शिकण्याला याहून सोयीची जागा नाही. सरळ वाणात सगळ्या सरक्यांत जनुक असते.

पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची बिनबीटीची पुडी यायची. ती भोवतीच्या ओळींत लावायची, म्हणजे तिथल्या अळ्या जनुकाला न भिडता जगतील आणि प्रतिकार शिकलेल्या अळ्यांशी त्यांचा संकर होऊन प्रतिकार पसरणार नाही. ही पुडी बांधावर फेकली गेली. तीन एकरांच्या शेतकऱ्याला पाच ओळी अळीला सोडा म्हणणे सोपे आहे. त्या ओळींच्या नुकसानीची भरपाई कुणी देऊ केली नाही, आणि लावल्या की नाही हे पाहायलाही कुणी आले नाही.

वेगळे होऊ शकले असते. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ या सरळ वाणात बीटी जनुक घातले. २००८ मध्ये त्याला परवानगी मिळाली, शेतकऱ्याला बियाणे घरचे ठेवता येणार होते. पण त्या बियाण्यात मोन्सॅन्टोचा इव्हेंट मिसळलेला आढळला आणि वाण मागे घ्यावा लागला. सार्वजनिक संशोधनाचे त्या एका ढिलाईने झालेले नुकसान मी कपाशीच्या या कहाणीतले सर्वांत मोठे मानतो. नागपूरने पुढे सरळ बीटी वाण दिले, पण तोवर गुलाबी अळी जनुकाला सरावली होती.

परवानग्यांचा घोळ तेव्हापासून सुटलेला नाही. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला, देशभर जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक नागपूरला, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती आणली. बांगलादेशाने तेच जनुक २०१३ मध्ये आपल्या सरकारी संस्थेच्या सरळ वाणांत मंजूर केले. दिल्ली विद्यापीठाच्या जनुकसुधारित मोहरीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत त्यावर मतभेद झाला. इकडे तणनाशक सोसणारी बिनपरवाना कपाशी, जिला विदर्भात ‘चोर बीटी’ म्हणतात, गावोगाव विकली जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ती जाहीरपणे पेरली. निंदणीला मजूर मिळत नाहीत ही त्यांची अडचण खरी आहे. सरकारचे हातावर हात ठेवून बसणे मात्र दोन्ही बाजूंनी घातक आहे: धड परवानगी नाही, धड बंदोबस्त नाही, आणि बियाणे फसले तर पावती नसल्याने शेतकऱ्याला दाद मागायची जागा नाही.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचा ‘कमला’ आणि दिल्लीच्या पुसा संस्थेचा ‘डीएसटी राइस १’. यात बाहेरचे जनुक राहत नाही, भाताच्याच जनुकात छोटा बदल केलेला असतो, म्हणून २०२२ पासून अशा वाणांना जनुकसुधारित पिकांचे कडक नियम लागत नाहीत. संपादन करणारे हत्यार मात्र पेशीत न्यावेच लागते. बहुधा ॲग्रोबॅक्टेरियमच ते नेतो आणि पुढच्या पिढीत ते गाळले जाते. दोन्ही वाण सरकारी संस्थांचे आहेत आणि मूळ सरळ वाणांतून काढलेले आहेत. सुरुवात योग्य जागी झाली असे मला वाटते. हत्याराची पेटंटे परदेशी हातांत आहेत, त्यामुळे बियाणे शेतापर्यंत कुठल्या अटींवर पोचते हे पाहावे लागेल.

आपल्याकडे अकोला, परभणी, राहुरी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत, नागपूरला कापूस संशोधन संस्था आहे. कुठली अळी कुठल्या जनुकाला किती दाद देते, याचे तालुकावार ताजे आकडे त्यांनी दर मे महिन्यात, बियाण्याची खरेदी सुरू होण्याआधी, मराठीत जाहीर करावेत, आणि आपल्या आमदारांनी त्यासाठीचा पैसा विधिमंडळात मागावा. ज्यांच्या घरी कपाशी आहे त्यांनी ही मागणी या हंगामापासूनच लावून धरावी.